पावसापाण्याची नोंद ठेवणारा राष्ट्राध्यक्ष

१३ डिसेंबर १७९९ चा दिवस. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, माउंट व्हर्नन नावाच्या शेतावर सकाळपासून बर्फ पडत होते. आदल्या दिवशी सदुसष्ट वर्षांचा एक शेतकरी पाच तास घोड्यावर बसून, पाऊस, गारा आणि बर्फ अंगावर घेत, सगळी शेते बघून आला होता. घसा धरला होता. तरी दुपारनंतर उघडीप मिळताच तो पुन्हा बाहेर पडला आणि तोडायच्या झाडांवर खुणा करून आला. रात्री नेहमीप्रमाणे वही उघडली. बर्फ सुमारे तीन इंच, वारा ईशान्येचा, दुपारी एकपर्यंत बर्फ, चारच्या सुमारास आकाश स्वच्छ, रात्री पारा फॅरनहाइटच्या २८ अंशांवर. एवढे लिहिले आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजून गेल्यावर त्याचे प्राण गेले.

हा शेतकरी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आपण शाळेत त्यांचं नाव वाचलं ते लढाईसाठी आणि स्वातंत्र्यासाठी. पण हा माणूस स्वतःला आधी शेतकरी समजत होता, आणि त्याच्या रोजनिशीत लढाईपेक्षा गहू, शेणखत, पाऊस आणि जनावरं यांच्याच नोंदी जास्त आहेत. या रोजनिश्या १९७६ ते १९७९ या काळात सहा खंडांत छापून निघाल्या. राजकारण शोधायला जाल तर हाती फारसं लागत नाही. शेती शोधायला जाल तर सगळं आहे. फक्त एक मोठी गोष्ट त्यात नाही. ती कोणती, ते पुढे येईलच.

मोजणीदार पोरगा

जॉर्ज यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा. अकरा वर्षांचे असताना वडील वारले. कॉलेजचं शिक्षण काही झालं नाही. पण त्यांनी जमीन मोजण्याची विद्या शिकून घेतली. १७४८ च्या मार्चमध्ये, सोळाव्या वर्षी, ते डोंगरापलीकडची जमीन मोजायला एका तुकडीबरोबर गेले आणि तिथेच पहिली रोजनिशी लिहिली. वाटेत एका घरी मुक्काम पडला. अंथरूण म्हणजे नुसता पेंढा आणि वर उवा-पिसवांनी भरलेली विरलेली घोंगडी. पोराने ते जसेच्या तसे लिहून ठेवले, आणि यापुढे उघड्यावर शेकोटीजवळ झोपलेलं बरं असंही ठरवून टाकलं. पुढच्याच वर्षी ते कल्पेपर परगण्याचे सरकारी मोजणीदार झाले.

मोजणीच्या कामाने एक सवय लागली, ती जन्मभर सुटली नाही. डोळ्यांनी बघायचे, मापाने मोजायचे आणि त्याच दिवशी लिहायचे. उद्या लिहू म्हटलं की आठवणीत भेसळ होते, हे ज्यांनी बांधाचे वाद मिटवले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

थोरले भाऊ लॉरेन्स १७५२ मध्ये वारले. त्यांची माउंट व्हर्ननची जमीन जॉर्ज यांनी १७५४ पासून खंडाने घेतली आणि १७६१ मध्ये ती त्यांच्या मालकीची झाली. १७५९ च्या जानेवारीत मार्था कस्टिस या विधवेशी त्यांचे लग्न झाले. तिला पहिल्या नवऱ्यापासून दोन मुले होती. पुढे जमीन वाढत वाढत आठ हजार एकरांच्या आसपास गेली आणि तिचे पाच भाग पडले. प्रत्येक भागावर वेगळा मुकादम.

तंबाखू, अडत्या आणि कर्ज

त्या काळी व्हर्जिनियातले मोठे पीक तंबाखूचे. पीक जमिनीतला कस ओढून घ्यायचे, तीन-चार वर्षांत रान थकायचे. माल पिंपात भरून जहाजाने लंडनच्या अडत्याकडे जायचा. तिथे काय भाव मिळाला हे शेतकऱ्याला काही महिन्यांनी कळायचे. भाडे, जकात, अडत सगळे कापून जे उरेल ते खात्यावर जमा, आणि त्याच खात्यावरून कपडे, भांडी, अवजारे उधारीवर यायची. भाव अडत्याच्या हातात आणि उधारीचा हिशोबही त्याच्याच हातात. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

१७६४ च्या सुमारास वॉशिंग्टन यांच्या नावावर लंडनमध्ये अठराशे पौंडांच्या आसपास देणे निघाले. आजूबाजूचे जमीनदार अडत्याला शिव्या घालत पुन्हा तंबाखूच लावत होते. वॉशिंग्टन वही घेऊन बसले. तंबाखूला किती दिवस राबावे लागते, किती रान वाया जाते, हातात किती येते, हे त्यांच्याकडे लिहिलेले होते. हिशोब काही जुळेना. त्यांनी माउंट व्हर्ननवरची तंबाखू कमी करत आणली आणि १७६६ च्या सुमारास बंदच करून टाकली.

तिच्या जागी गहू आला. १७६४ मध्ये गहू झाला होता २५७ बुशेल, म्हणजे साधारण सत्तर क्विंटल. १७६९ मध्ये तो सहा हजार बुशेलांच्या वर गेला, म्हणजे सोळाशे क्विंटलांहून जास्त. नुसता गहू विकून ते थांबले नाहीत. १७७०-७१ मध्ये ओढ्यावर पाणचक्की बांधून पीठ दळायला सुरुवात केली, आणि ते पीठ वेस्ट इंडीज बेटांपर्यंत जाऊ लागले. वसंतात नदीला मासे चढत, तेव्हा जाळी लावून मासळी धरायची, खारवायची आणि विकायची. अखेरच्या काळात राय धान्याची दारूभट्टीसुद्धा घातली. एका पिकावर आणि एका गिऱ्हाइकावर विसंबायचे नाही, हा धडा तंबाखूने शिकवला होता.

दहा खणांची पेटी

रोजनिशी लिहायची त्यांची पद्धत साधी होती. दरवर्षी छापील पंचांग निघे. त्याच्या पानांमध्ये कोरे कागद घालून घ्यायचे आणि त्यावर लिहायचे. १७६८ पासून त्यांनी तीन भाग वेगळे केले. पहिल्यात आज कुठे होतो आणि काय केले. दुसऱ्यात हवापाणी. तिसऱ्यात शेतीत काय घडले. आजही कुणाला वही घालायची असेल तर याहून सोपा नमुना सापडायचा नाही.

१७६० च्या एप्रिलमधली एक नोंद बघा. त्यांनी दहा खणांची एक पेटी केली. प्रत्येक खणात तीच माती, पण खत वेगळे. कुठे घोड्याची लीद, कुठे शेण, कुठे मेंढीची लेंडी, कुठे नदीचा गाळ, कुठे चुनखडीची माती. प्रत्येक खणात गहू, ओट आणि बार्ली सारख्याच खोलीवर आणि मोजून पेरली, पाणीही सारखेच दिले. मग कुठे काय उगवते ते बघत राहिले. कृषी विद्यापीठे नव्हती, माती परीक्षण नव्हते. पण खताचा गुण डोळ्यांसमोर ताडून बघायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही बुद्धी होती.

त्याच वर्षी पीटर नावाच्या लोहाराबरोबर त्यांनी नव्या घाटाचा नांगर करायचा प्रयत्न केला. जमला नाही, तर जमला नाही असेच लिहिले. काही दिवसांनी पुन्हा बसून दुसरा केला, तो चालला. तेही लिहिले. फसलेला प्रयोग लपवायचा नाही, कारण वही लोकांना दाखवायची नव्हती. ती पुढच्या हंगामात स्वतःच्याच उपयोगी पडायची होती.

पुढे १७८६ मध्ये आपल्या पाभरीसारखे काम करणारे एक अवजार त्यांनी वापरले. भोके पाडलेले पिंप नांगराला जोडलेले. ते फिरेल तसे बी ओळीत पडायचे. क्लोव्हर म्हणजे बरसीमच्या जातीतला चारा. त्याच्या एका पौंडात दाणे किती, टिमोथी गवताच्या एका पौंडात किती, असे हिशोबही त्यांनी मांडून ठेवले. एकरी बियाणे किती लागेल हे अंदाजाने नको होते. १७८७ मध्ये खत कुजवण्यासाठी दगडी तळाचा, वर छप्पर असलेला उकिरडा बांधला, म्हणजे पावसाने खताचा अर्क वाहून जाऊ नये. गव्हानंतर काय, त्यानंतर काय, कुठले रान पडीक ठेवायचे, असा बेवडाचा विचार करून सात-सात वर्षांचे तक्ते ते बनवत.

मळणीचा त्रास त्यांनाही होता. उघड्या खळ्यावर घोड्यांच्या पायांखाली गहू मळायचा, म्हणजे दाण्यात माती आणि लीद मिसळायची, पाऊस आला की नासाडी. त्यांनी सोळा बाजूंचे, जवळजवळ गोल दिसणारे दोन मजली कोठार आखले. १७९२ ते १७९५ या काळात ते उभे राहिले. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांमध्ये फटी ठेवल्या. घोडी वर गोल फिरायची, दाणा फटींतून खाली पडायचा आणि काड वर राहायचे. जुने कोठार पडून गेले, पण १९९६ मध्ये माउंट व्हर्ननच्या स्मारकात तशाच मापाचे नवे बांधले गेले.

१७८५ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना एक उंचापुरा गाढव भेट पाठवला. त्यापासून खेचरे तयार केली. खेचर घोड्यापेक्षा कमी खाते आणि जास्त राबते, हे त्यांनी पारखून घेतले. राष्ट्रपुरुषाला राजाकडून भेट आली ती गाढवाची, आणि तो तिच्यावर खूश झाला!

घरचं माणूस, लढाई आणि कारभार

ही वही कोरडी आहे. भावना तिच्यात जवळजवळ नाहीत. मार्थाबाईंची मुलगी पॅट्सी हिला फेफरे येत. १९ जून १७७३ रोजी ती अचानक गेली. वॉशिंग्टन यांनी तिला पोटच्या मुलीसारखे वाढवले होते. त्या दिवसाच्या नोंदीत, दिवसभर घरी होतो आणि पाचच्या सुमारास बिचारी पोर गेली, एवढाच मजकूर आहे. दुःख मोठं असलं की काही माणसं बोलत नाहीत. वहीतही बोलत नाहीत.

१७७५ च्या जूनमध्ये ते सेनापती झाले आणि रोजनिशी बंद पडली. १७८१ च्या मेमध्ये पुन्हा सुरू केली, तेव्हा मधली वर्षे लिहिली नाहीत याची खंत त्यांनी पहिल्याच पानावर नोंदवली. युद्ध संपल्यावर १७८३ च्या डिसेंबरात सेनापतिपदाचा राजीनामा देऊन ते नाताळच्या आदल्या दिवशी घरी पोचले. मग पाहुण्यांची रांग लागली. ३० जून १७८५ च्या नोंदीत ते लिहितात की आज फक्त आपण आणि मार्था असे दोघेच जेवायला होतो. त्यांच्या आठवणीप्रमाणे, घरी परतल्यापासून असे पहिल्यांदाच घडले होते.

१७८७ मध्ये ते फिलाडेल्फियाला राज्यघटना बनवणाऱ्या सभेचे अध्यक्ष होते. सभेत काय चालले ते रोजनिशीत नाही, कारण गुप्ततेचा नियम होता. पण जुलैच्या अखेरीस सभेला सुट्टी मिळाली तेव्हा ते लढाईतली जुनी छावणी बघायला गेले. परतताना रानात काम करणारे काही शेतकरी दिसले. थांबून त्यांच्याशी बोलले. कुट्टू कसा पेरता, जनावरांना कसा घालता, हे विचारून घेतले आणि रात्री सगळे सविस्तर उतरवून ठेवले. देशाची घटना एका बाजूला आणि कुट्टूची पेरणी दुसऱ्या बाजूला. वहीत दोन ओळी कोणाला आणि पानभर कोणाला मिळाले, ते सांगायला नकोच.

१७८९ ते १७९७ ते राष्ट्राध्यक्ष होते. शेतापासून लांब राहावे लागले. तेव्हा प्रत्येक शेताचा साप्ताहिक अहवाल मागवण्याची पद्धत ठेवली. कोणत्या कामाला किती माणसे लागली, किती आजारी होती, किती जनावरे जन्मली आणि मेली, पाऊस कधी झाला, हे सगळे त्यात असे. बहुतेक रविवारी ते बसून व्यवस्थापकाला लांबलचक पत्र लिहीत. देशाचा कारभार आठवडाभर, शेतीचा रविवारी.

वहीत नसलेली माणसं

आता सुरुवातीला म्हटलेल्या गोष्टीकडे येऊ. हे सगळं राबलं कोण? वॉशिंग्टन यांनी स्वतः नांगर धरला नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या लेकरा-नातवंडांना तिथे गुलाम म्हणून विकत घेतले जाई. वडील गेले तेव्हा अकराव्या वर्षीच जॉर्ज यांच्या वाट्याला दहा गुलाम आले होते. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस काम. खायला मक्याचे पीठ आणि खारवलेली मासळी. तो नांगर करणारा पीटर लोहार गुलामच होता. सोळा बाजूंचे कोठार उभे केले तेही गुलाम सुतारांनी.

रोजनिशीत ही माणसे येतात ती कामाचे माप म्हणून. १७६० च्या फेब्रुवारीत चार सुतारांनी आदल्या दिवशी फक्त १२० फूट लाकूड तासले, असे दिसले. वॉशिंग्टन समोर बसून राहिले, घड्याळ लावून काम बघितले आणि रोज किती व्हायला पाहिजे याचा हिशोब मांडला. जॉर्ज, टॉम, माइक आणि धाकटा बिली ही त्यांची नावे वहीत राहिली. मालक समोर बसला की हात भराभर चालतात. पण तो उठून गेल्यावर चौघे आपसात काय बोलले असतील, ते लिहून ठेवायला त्यांच्याकडे ना वही होती, ना अक्षरओळख.

खेचराचा, खताचा, बियाण्याचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला हा अन्याय दिसायला फार वर्षे लागली. दिसल्यावरही तो लगेच सुधारला नाही. १७९६ मध्ये ओना जज नावाची तरुणी राष्ट्राध्यक्षांच्या फिलाडेल्फियातल्या घरातून पळून गेली. तेव्हा तिला परत आणण्याची खटपट त्यांनी केली. ती काही परत आली नाही. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना ही बाजू गाळली, तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

१७९९ च्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे माउंट व्हर्ननवरच्या सगळ्या गुलामांची शेतवार यादी स्वतःच्या हाताने लिहिली. नाव, काम, कुणाचा नवरा कुठे, कुणाची बायको कुठे, सगळे तिच्यात आहे. दुसरे म्हणजे मृत्युपत्र. स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मार्थाबाईंच्या पश्चात मोकळे करावे, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना अन्नवस्त्र द्यावे, पोरक्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे, असे त्यात लिहिले. मार्थाबाईंनी १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मुक्त केले. बाकीच्यांपैकी १५३ जण मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या वारसाहक्कातले होते. त्यांना सोडण्याचा अधिकार वॉशिंग्टन यांना नव्हता, त्यामुळे ते गुलामच राहिले. कित्येक घरांत नवरा सुटला आणि बायको-मुले अडकली, असे झाले.

शेवटची दोन पाने

मरणाच्या आदल्या दिवशी, १३ डिसेंबरला, त्यांनी आपल्या व्यवस्थापकाला पत्र लिहिले. ते त्यांचे शेवटचे पत्र. विषय काय, तर आदल्या दिवशी घोड्यावरून फिरताना गुरांचा एक वाडा फार वाईट अवस्थेत दिसला होता, त्याची तक्रार. पुढच्या वर्षी कुठल्या रानात काय घ्यायचे याचे लांबलचक टिपणही तयार होते. त्या रात्री घसा सुजला, श्वास अडू लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांनी अंगातले रक्त पुन्हा पुन्हा काढले. उपयोग झाला नाही.

वॉशिंग्टन यांच्या वहीमुळे त्यांचे दोन हिशोब कळतात. एक तंबाखूचा. तो त्यांनी वेळेवर ओळखला, कारण तो लिहिलेला होता. दुसरा माणसांचा. तो फार उशिरा ओळखला, कारण वहीच्या तिन्ही भागांत त्याला जागाच नव्हती.

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरीही दरवर्षी सोसायटीची नाहीतर खताच्या दुकानाची एखादी डायरी येते. पोरं तिच्यावर चित्रं काढतात आणि दिवाळीपर्यंत ती रद्दीत जाते. यंदा तीन भाग पाडा. पाऊस कधी आणि किती. रानात काय केलं आणि खर्च किती झाला. बाजारात भाव काय मिळाला, कापलं किती, हातात आलं किती. दोन-तीन हंगाम गेले की कुठलं पीक आपल्याला पोसतं आणि कुठल्याला आपण पोसतो, ते वहीच सांगेल. आणि चौथा भाग वॉशिंग्टन यांनी केला नाही तो करा. त्या दिवशी रानात कोण राबलं, घरच्या बायका धरून, त्या सगळ्यांची नावं.

गावकामगारांनाही हेच सांगणं. पीकपाहणीची नोंद असो की रोजगाराची हजेरी, बांधावर जाऊन, त्याच दिवशी आणि नावानिशी झाली, तरच ती पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडते.